मुलीकडच्यांचा युनायटस

जॉनी युनायटससारखा क्वार्टरबॅक झाला नाही आणि होणार नाही. हे मी आज कुणाच्याही तोंडावर सांगेन, मला आता कुणाची भीड उरलेली नाही. चौसष्ट सालच्या हिवाळ्यात मात्र मला हे सांगता येत नव्हतं, कारण माझ्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं एखादा जर्मन विचारेल. मराठी माणसाला खरं तर सांगावं लागू नये, पण सांगतो.

मी श्यामकांत, मिरजेचा. एकोणसाठ साली जर्मनीत कार्ल्सरूहेला आलो, इथे इंजिनिअरिंगचं डिप्लोम केलं आणि इथल्याच एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डाला चिकटलो. क्रिकेट सुटलं. जर्मनांच्या फुटबॉलात माझा जीव कधी रमला नाही. पण शहराच्या कडेला अमेरिकन बराकी होत्या, आणि शनिवारी तिथल्या मैदानावर शिपायांच्या टीमा त्यांचा तो वेगळा फुटबॉल खेळत. चेंडू नारळासारखा लांबट. कुंपणापाशी उभा राहून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मारामारी चालली आहे. शेजारी डोनोव्हन नावाचा एक सार्जंट उभा होता. तो म्हणाला, "सगळ्यांकडे बघशील तर काही कळणार नाही. त्या एकाकडे बघ."

तो एक म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, ते त्याने ठरवायचं, आणि समोरून चार-पाच रेडे अंगावर धावून येत असताना ठरवायचं. फेकला तर वाहवा, नाही तर खाली चिखल. मला हे एकदम पटलं. डोनोव्हन बाल्टिमोरचा होता आणि बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक होता युनायटस. पहिल्या टीमने त्याला एकही मॅच न खेळवता घरी पाठवलेलं. बिचारा बांधकामावर राबायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी गल्लीतल्या टीममध्ये खेळायचा. तिथून बाल्टिमोरने त्याला उचललं, आणि अठ्ठावन्न सालच्या फायनलमध्ये त्याने काय केलं ते डोनोव्हन सांगायला लागला की त्याच्या हातातली बिअर सांडायची. वेळ संपत आलेली, टीम मागे पडलेली, आणि हा गडी अजिबात न घाबरता एकेक चेंडू फेकत टीमला पुढे घेऊन गेला, आधी बरोबरी केली आणि मग जादा वेळात जिंकला. मलाही आमच्याकडच्या एका कॉलेजाने दारातून परत पाठवलं होतं. मी त्या दिवसापासून युनायटसचा झालो.

रविवारी संध्याकाळी अमेरिकन लष्कराच्या रेडिओवर मॅचचं वर्णन लागायचं. माझ्या खोलीत जुना ग्रुंडिग रेडिओ होता, त्यामुळे मंडळी माझ्याकडे जमत. डोनोव्हन यायचा, कधी त्याचे दोस्त यायचे. दिनकर यायचा. तो विजेचं इंजिनिअरिंग शिकत होता आणि त्याला खेळापेक्षा खेळावरची भांडणं जास्त आवडत. आणि भांडणं तर काय व्हायची! वयस्क शिपाई म्हणायचे, ऑटो ग्रॅहम. दहा वर्षं खेळला आणि दहाही वर्षं टीमला फायनलला नेलं, दुसरा दाखवा. त्याहून म्हातारे सॅमी बॉचं नाव घ्यायचे. नवी पोरं ग्रीन बेच्या बार्ट स्टारचं. मी मिरजेचा माणूस, मी सगळ्यांशी भांडायचो. एकदा तर घरमालकीण बाई झाडू घेऊन वर आल्या.

हे सगळं मी कुसुमला लिहायचो. कुसुम माझी धाकटी बहीण. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, मिरजेला शाळेत शिकवायची. तिला मॅच म्हणजे काय ते कधी दिसणार नव्हतं, पण पोरीचे प्रश्न असे यायचे की मी डोनोव्हनला विचारून उत्तरं द्यायचो. एकदा तिने लिहिलं, 'दादा, चेंडू फेकणाऱ्याचं नाव तू दर वेळी लिहितोस. त्याला वाचवण्यासाठी जे अंगावर मार घेतात, त्यांची नावं का नाही लिहीत?' डोनोव्हनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हिला टीमची कोच करा."

अशा मुलीचं लग्न ठरत नव्हतं. रूपाने चारचौघींसारखी, डोळ्यांना चष्मा, पण अडचण चष्म्याची नव्हती. अडचण तोंडाची होती. एका ठिकाणी मुलाकडच्यांनी विचारलं, गाणं येतं का? ही म्हणाली, "मला नाही येत. यांना येत असलं तर यांनीच म्हणावं." झालं, उठले ते लोक. वडील आधीच गेलेले. सत्तावीस वर्षांची मुलगी घरात, आईची झोप उडाली होती.

आणि त्याच वेळी श्रीनाथ आमच्यात आला होता. त्रेसष्ट साली तो डॉक्टरेट करायला कार्ल्सरूहेला आला. कोल्हापूरचा, उंच, गोरा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला आईच्या पोटातच कुणीतरी सांगितलेलं. प्रत्येक वाक्याआधी 'आल्झो', म्हणजे 'तर', असं म्हणून घसा खाकरायचा, जर्मन प्रोफेसरसारखा. पहिल्या वर्षी मी त्याला "अरे श्रीनाथ, गप रे, तुला चेंडू कुठल्या बाजूने धरतात ते तरी ठाऊक आहे का," असं सगळ्यांसमोर म्हणायचो आणि तोही मला तोडीस तोड द्यायचा. बराकीच्या मैदानावर तो एकदाही आला नाही. म्हणायचा, "थंडीत कुडकुडत बघायचं काय? तत्त्व समजलं की झालं."

पुढच्या वर्षी त्याने कुठल्या तरी अमेरिकन मासिकात वाचलं, की क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक फ्रँक रायन गणितात डॉक्टरेट करतो आहे. माकडाच्या हाती कोलीत मिळालं! त्या दिवसापासून जगात एकच क्वार्टरबॅक, रायन. का? तर शिकलेला आहे म्हणून. अरे, कुणाच्या हातातला चेंडू कुठे पडतो ते बघशील की त्याची डिग्री बघशील? पण आपल्या लोकांना डिग्री दिसली की पुढचं काही दिसतच नाही. दिनकरसुद्धा क्षणभर म्हणाला, "म्हणजे भलताच माणूस दिसतो."

त्याच सुमाराला श्रीनाथच्या मामांकडून मिरजेला निरोप गेला. मुलगा शिकलेली मुलगी बघतो आहे, तुमचा मुलगाही तिथेच आहे, तर विचार करावा. आईचं पत्र मला पाठोपाठ आलं. 'आपण मुलीकडचे आहोत हे विसरू नकोस. त्यांच्यापुढे वर मान करून बोलायचं नाही. तुझ्या जिभेला हाड नाही, ती तिकडच्या थंडीत गोठवून टाक. हे स्थळ गेलं तर मी काही करू शकणार नाही.' मी ते वाचलं, दीर्घ श्वास घेतला, आणि पुढच्या रविवारी दारात उभ्या असलेल्या श्रीनाथला म्हणालो, "या श्रीनाथराव. बसा." त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो मात्र मला 'अरे श्याम'च म्हणत राहिला. म्हणणारच. तो मुलाकडचा होता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी खोली भरलेली होती. मॅच संपली होती, वाद इंग्रजीत चालला होता. श्रीनाथ मधल्या खुर्चीवर, माझ्या एकुलत्या एक बऱ्या खुर्चीवर, बसला होता.

"आल्झो," तो म्हणाला, "क्वार्टरबॅक म्हणजे शेवटी भूमिती. कोन, वेग, अंतर. रायनच्या डोक्यात हे सगळं आधीच आहे. तुमचा युनायटस काय, बांधकामावरचा गवंडी. त्याचा एखादा अंदाज बरोबर येतो, इतकंच."

डोनोव्हनचा चेहरा लालबुंद झाला. तो माझ्याकडे वळला. "शॅम, तू सांग याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगू शकत होतो हो! माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. अठ्ठावन्नची फायनल होती, एकामागून एक मॅचमध्ये टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा चेंडू, फेकण्याचा विक्रम होता, आणि या शहाण्याने आयुष्यात एकही चेंडू हवेत उडताना पाहिलेला नाही हेही होतं. श्रीनाथ पायावर पाय टाकून वाट बघत होता. त्याला पुरतं ठाऊक होतं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

"श्रीनाथराव म्हणतात त्यात तथ्य आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?" डोनोव्हनने विचारलं. "रायन मोठा? युनायटसपेक्षा?"

"हो."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" श्रीनाथ मांडीवर थाप मारून म्हणाला.

डोनोव्हनने टोपी उचलली आणि तो निघून गेला. शनिवारी मी कुंपणापाशी त्याला गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. बहीण, आई, मुलीकडचे, मुलाकडचे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्यात बहिणीबरोबर अक्कलही द्यावी लागते का?" तो पुन्हा माझ्या खोलीवर आला नाही, आणि वसंतात त्याची बदली झाली.

त्या हिवाळ्यात मी रोज हरलो. क्वार्टरबॅकवर हरलो, पंपांवर हरलो, कोल्हापूरचा रस्सा की सांगलीची वांगी यावर हरलो. दिनकर बाहेर जिन्यात मला म्हणायचा, "श्याम, अरे किती मूग गिळशील?" मी म्हणायचो, "एकदा अक्षता पडू देत, मग बघ." डिसेंबरात फायनल आली, आणि नशीब असं की समोरासमोर बाल्टिमोर आणि क्लीव्हलंड, युनायटस आणि रायन. अर्ध्या वेळेला शून्य-शून्य. मी देवाला म्हणालो, माझं तोंड बंद आहे, निदान तू तरी बोल. देवही बहुतेक मुलाकडचा असावा. रायनने एकामागून एक तीन टचडाउन फेकले. सत्तावीस-शून्य! युनायटसला एक गुणसुद्धा मिळाला नाही.

श्रीनाथ खोलीभर नाचला. मी त्याचं अभिनंदन केलं. रव्याचा शिरा करून ठेवला होता, तो वाढला. माझे डोळे भरून येत होते आणि मी हसत होतो. शिरा खाताखाता तो म्हणाला, "आल्झो श्याम, तुझ्या आईला कळव. माझी हरकत नाही." आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला युनायटस आठवला नाही. मला आईचा चेहरा आठवला. मी खाली वाकून त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास भरला. आनंदाने.

जूनमध्ये मिरजेला लग्न झालं. मला कारखान्यातून रजा मिळाली नाही. कुसुम ऑक्टोबरात आली, जेनोव्हापर्यंत बोटीने आणि पुढे रेल्वेने. ट्राम जिथे संपते तिथे, डुर्लाखला, त्यांनी घर घेतलं होतं. स्टेशनवर तिने मला मिठीच मारली आणि कानात विचारलं, "दादा, युनायटस कसा आहे?" मी म्हटलं, "हळू बोल." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

रविवारी दोघं माझ्याकडे येत. मी मुद्दामच बोलावत असे, तिला दोन घटका भेटता यावं म्हणून. कुसुम चहा करायची, पोळ्या लाटायची, स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसून रेडिओ ऐकायची. बोलायची नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, नवीन आहे. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की ती बोलण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघते. हिने! जिने पाहुण्याला गाणं म्हणायला सांगितलं होतं तिने!

मग आली सहासष्टच्या जानेवारीतली फायनल. रायनची क्लीव्हलंड आणि स्टारची ग्रीन बे. तिकडे बर्फ पडून मैदानाचा राडा झालेला. अर्ध्या वेळेपर्यंत एका गुणाचा फरक होता, नंतर रायनच्या टीमला काहीच जमलं नाही आणि ग्रीन बे जिंकली. खोलीत आम्ही चौघंच होतो. श्रीनाथने रेडिओ बंद केला.

"आल्झो," तो म्हणाला, "रायनचं गणित बरोबरच होतं. पण मैदानात चिखल. चिखलात गणित काय करणार?"

"अहो, पण चिखल दोन्ही बाजूंना होता ना?" कुसुम म्हणाली.

दिनकर फस्सकन हसला. हसायला नको होतं, पण वाक्यच असं होतं की मलाही हसू आवरेना. इतक्या महिन्यांनी माझी बहीण बोलली होती. श्रीनाथने सावकाश मान वळवली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"दादाने लिहिलेलं सगळं वाचलंय मी," ती म्हणाली. आवाज साधा होता, भांडणाचा मुळीच नव्हता. "स्टार त्याच चिखलात खेळला. म्हणून विचारलं."

श्रीनाथ तिच्याशी बोललाच नाही. तो माझ्याकडे वळला. "श्याम, बहिणीला घरी काही वळण लावलं होतंत की नाही? मामा म्हणालेच होते, बाप नसलेल्या घरातली मुलगी करताना विचार कर."

बस्स. माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं.

"अरे श्रीनाथ!" मी ओरडलो. दीड वर्षाने 'अरे' आलं तोंडात, आणि पाठोपाठ सगळंच आलं. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! माझ्या मेलेल्या बापापर्यंत जातोस? आयुष्यात एक मॅच पाहिली आहेस का तू? चेंडू हातात धरला आहेस? डिग्री बघून क्वार्टरबॅक ठरवणारा तू, तुला काय कळणार! मी हरलो तुझ्याशी? मी हरत होतो, कारण तू मुलाकडचा होतास! तुला ते ठाऊक होतं आणि तरी मिटक्या मारत जिंकत होतास. लाज नाही वाटली? गवंडी म्हणालास युनायटसला. त्या गवंड्याच्या अंगावर अख्खी टीम यायची आणि त्याचा हात हलायचा नाही. आणि तू? बायकोने एक साधा प्रश्न विचारला तर तुला उत्तर देता येईना, तू तिच्या बापाला मध्ये ओढलंस!"

"वा रे वाघा!" दिनकर म्हणाला आणि त्याने चक्क टाळी वाजवली.

श्रीनाथचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलले, पण 'आल्झो'सुद्धा बाहेर आलं नाही. काय सांगू, किती बरं वाटलं मला! दीड वर्षाचं ओझं छातीवरून उतरलं. मी कुसुमकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ती चहाची किटली धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"कोट घे," श्रीनाथ तिला म्हणाला.

"कपबश्या विसळते आणि..."

"कोट घे म्हटलं ना."

तिने कोट घेतला. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज गेला, पुढे त्याचा, मागे तिचा. दिनकर म्हणाला, "आज तू खरा खेळलास." आम्ही दोघांनी उरलेल्या पोळ्या खाल्ल्या.

त्यानंतरचे कित्येक रविवार दोघं आली नाहीत. मी डुर्लाखला गेलो तर दार श्रीनाथने उघडलं. "कुसुम झोपली आहे," तो म्हणाला, आणि दार लावलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. पुन्हा गेलो तेव्हा दार उघडलंच नाही. मी दिनकरला मध्ये घातलं, तो हात हलवत परत आला. श्रीनाथने त्याला सांगितलं होतं, आमच्या घरचा आणि त्या घरचा आता संबंध नाही. आई मिरजेहून विचारत होती, कुसुम कशी आहे रे? मी लिहीत होतो, मजेत आहे.

शेवटी मार्चमधल्या एका शनिवारी मी डुर्लाखच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. श्रीनाथ शनिवारी सकाळी इन्स्टिट्यूटमध्ये असतो हे मला माहीत होतं. बऱ्याच वेळाने ती दिसली. हातात पिशवी, डोक्याला स्कार्फ. बारीक झाली होती. बटाटेवाल्या बाईच्या गाड्यापाशी मी तिला गाठलं.

"बरी आहेस?"

"बरी आहे," ती म्हणाली. बोलताना ती रस्त्याकडे बघत होती.

आणि मी काय केलं? मी वाद घालायला लागलो. "कुसुम, त्याला सांग, माफी त्याने मागायची आहे. आपल्या वडिलांना तो बोलला. मी एक तरी शब्द खोटा बोललो का? तूच सांग. चिखल दोन्ही बाजूंना होता की नव्हता?"

"होता."

"मग?"

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दादा, तू एकही शब्द खोटा बोलला नाहीस. त्यांना उत्तर देता आलं नाही. दिनकरभावजींनी टाळी वाजवली. जिंकलास तू. पण मग त्यांच्याबरोबर घरी मला जायचं होतं."

"काय केलं त्याने? कुसुम, काय केलं?"

चष्म्याच्या काडीला एका बाजूने दोरा गुंडाळलेला मला तेव्हा दिसला. माझी नजर तिथे गेली हे तिला कळलं, आणि तिने स्कार्फ पुढे ओढला.

"आईला काही लिहू नकोस," ती म्हणाली. "आणि शनिवारी इथे येत जाऊ नकोस. कुणी सांगितलं तर परत तेच."

ती भराभर चालत निघून गेली. तिच्या मागे धावावंसं वाटलं, त्या माणसाच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण त्याला मी जे काही करीन त्याचं उत्तर तो मला देणार नव्हता, घरी तिला देणार होता. बटाटेवाली बाई मला विचारत होती, किती देऊ. मी तिथेच उभा होतो आणि मला तिला साधं नको म्हणतासुद्धा येत नव्हतं.